आपल्या भटकंतीचा राहिलेला अर्धा इतिहास



स्मरणिकेसाठी ‘शाळेच्या दिवसांतली भटकंती’ या विषयावर आठवणी मागवल्या, तेव्हा आपल्या ग्रुपवर दोन दिवस नुसता मेसेजचा पाऊस पडला. विहिरीत मारलेले मुटके, बेअरिंगची गाडी, सायकलवरून गाठलेली लेणी. वाचायला मजा आली. सगळं वाचून झाल्यावर मात्र लक्षात आलं, की त्यात एकाही मुलीची आठवण नाही. जणू ती दहा वर्षं आम्ही घरात बसून रांगोळ्याच काढत होतो! मी काही इतिहासकार नाही, सॉफ्टवेअरचं काम करते. पण अर्ध्याच नोंदी पाहून काढलेला निष्कर्ष चुकतो, हे रोजच्या कामात शिकले आहे. म्हणून ही उरलेल्या अर्ध्याची नोंद.

बेअरिंगच्या गाडीपासूनच सुरू करते, कारण तिच्यावरच सर्वांत जास्त मेसेज आहेत. नव्या पिढीसाठी सांगते : एक जाड फळी, मागे लाकडी आसाच्या दोन टोकांना ठोकून बसवलेली दोन बेअरिंग, पुढे एका बोल्टभोवती फिरणाऱ्या आडव्या दांडक्यावर एक बेअरिंग, आणि वळवायला सुतळी किंवा स्वतःचे पाय. ब्रेक म्हणजे चपलेचा तळवा. आपलं गाव सोलापूर–धुळे हमरस्त्यावर, त्यामुळे गॅरेजं भरपूर आणि ट्रकची बाद झालेली बेअरिंगही भरपूर. ग्रीसही तिथलंच. पावसाळ्यात बेअरिंग चिखलानं धरायची, गंज चढायचा. म्हणून गाडीचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. डांबरी उतारावरून चार गाड्या एकदम निघाल्या की जी खरखर व्हायची, तिनं अख्ख्या गल्लीची दुपारची झोप उडायची.

पुढे नोकरीनिमित्त परदेशात असताना मुलांना स्केटबोर्डवर पाहिलं, तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, ही तर आपलीच फळी! त्याचा इतिहासही तसाच निघाला. १९५० च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या पोरांनी रोलर स्केटची चाकं काढून फळ्यांना ठोकली; समुद्रात लाटा नसल्या की ती रस्त्यावर ‘लाटा’ खेळायची. तोच खेळ टोकियो ऑलिंपिकमध्ये गेला. आजच्या स्केटबोर्डच्या चाकात बसणारं बेअरिंग जेमतेम २२ मिलिमीटरचं असतं. आपली ट्रकची होती, त्यामुळे वजनात आपण नक्कीच पुढे होतो. ऑलिंपिकचं कुणी आपल्याला कळवलं नाही, एवढंच.

पण या गाडीवर मुली कुठे होत्या? ढकलायला. बसायची पाळी आली की ‘तू पडशील, तुझी आई ओरडेल’ हे ठरलेलं वाक्य. तरीही आमच्या गल्लीतल्या आम्ही तिघी दुपारी सगळे निजल्यावर भावांच्या गाड्या काढायचो, आणि फुटलेले गुडघे घरी ‘फुगडी खेळताना पडले’ म्हणून खपायचे. आयांना हे खरंच पटायचं की त्या पटवून घ्यायच्या, हा वेगळा संशोधनाचा विषय आहे.

यातच माझं म्हणणं आहे. मुलगा उठून ‘फिरायला जातो’ म्हणू शकायचा. मुलीला घराबाहेर पडायला सणाची नाहीतर देवाची सही लागायची. ही सही कुठल्या ऋतूत कोण द्यायचं, यावरच आमच्या भटकंतीचं कॅलेंडर बसलेलं होतं.

पहिली सही पंचमीची. आपल्याकडे पंचमी म्हणजे लिंबाच्या, चिंचेच्या उंच फांदीला बांधलेला झोका. लहान मुली बसून, मोठ्या उभ्यानं, दोघी समोरासमोर. फांदीच्या उंचीपर्यंत झोका चढवायचा आणि वरून गावाची माळवदं पाहायची. यात पडायची भीती बेअरिंगच्या गाडीपेक्षा कमी नव्हती. पण तो सण असल्यामुळे त्याला साहस असं कुणी म्हटलं नाही.

दुसरी सही श्रावणी सोमवारची. येडशीचं रामलिंग आपल्यापासून वीसेक किलोमीटर. बालाघाटाच्या दरीत उतरलेलं मंदिर, भोवती झाडी, माकडं आणि पाऊस चांगला असला तर धबधबा. आता ते अभयारण्य आहे, पण तो दर्जा १९९७ चा, म्हणजे आपण शाळा सोडल्यानंतरचा. मुलं तिथे केव्हाही जायची. आम्ही उपास धरून जायचो आणि दर्शन आटोपून ओढ्यात. येडशीवरून तेव्हा बार्शी लाईटची छोटी गाडी जायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फूट रुंदीच्या रुळांवर उभी केलेली ही रेल्वे १८९७ मध्ये बार्शीला आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. आपल्या जिल्ह्याच्या गावाला मात्र तिनं कधी विचारलं नाही; इथे रेल्वे आली ती या शतकात, तीही मोठ्या रुळांची.

तिसरी सही तुळजाभवानीची. नवरात्रात तुळजापूरला चालत जाणं. वीस-बावीस किलोमीटर, रात्री, आई-मावश्यांबरोबर, चपला हातात घेऊन. आज आपल्यातले कितीतरी जण ‘नाईट ट्रेक’चे फोटो टाकतात. आमचा पहिला नाईट ट्रेक आठवीच्या आत झाला होता आणि त्यात साठ वर्षांच्या आज्या आमच्यापुढे होत्या.

आणि येळवस. हा सगळ्यात मोठा मोकळा दिवस. मार्गशीर्षाच्या अमावास्येला गाव ओस आणि शिवार भरलेलं. कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, बिंदगीतलं अंबिल, भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी. पुण्यात हा सण कुणाला माहीत नसतो, प्रत्येक वर्षी समजावून सांगावं लागतं. सीमेपलीकडे कर्नाटकात त्याच दिवशी ‘एळ्ळ अमावास्या’ असते. एळ्ळू म्हणजे तीळ. आपला भाग शतकानुशतकं कधी कल्याणीच्या चालुक्यांचा, कधी विजापूरचा, कधी निजामाचा. भाषेची हद्द नकाशावर आली ती फार नंतर. ज्वारी छातीइतकी, हरभरा घाट्यांवर आलेला, आणि ज्याचं शेत नाही त्यालाही कुणाच्या तरी शेतात हक्कानं जेवण. त्या दिवशी झाडावर कोण चढलं, विहिरीच्या काठावर कोण गेलं, हे कुणी बघायचं नाही. आपल्या वर्गातल्या दोघी पोहायला शिकल्या त्या अशाच. पाठीला पत्र्याचा डबा बांधून, वडिलांनी विहिरीत सोडलेल्या. बाकी आम्हा बहुतेकींना आजही पोहता येत नाही. मुलांच्या विहिरीच्या आठवणी वाचताना मला हेच सलत होतं.

एक शरद मात्र कुणाचीच भटकंती झाली नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली आणि किल्लारी, सास्तूर आणि भोवतीची गावं झोपेतच गाडली गेली. जवळपास दहा हजार माणसं गेली. आपण आठवीत होतो. त्यानंतर कित्येक रात्री सगळं गाव अंगणात, मैदानात, रस्त्यावर झोपलं. माळवदाखाली जायची कुणाची हिंमत नव्हती. आम्ही मुली उघड्या आभाळाखाली इतक्या रात्री सलग कधीच राहिलो नव्हतो. मृग, श्रवण, ध्रुव हे सगळे तारे आमच्या भूगोलाच्या बाईंनी त्या रात्री मैदानात झोपलेल्या पोरांना दाखवले. भीती जावी म्हणून. बाई या अंकाच्या वाचक आहेत, म्हणून इथे मुद्दाम लिहिते : भीती गेली नव्हती, पण तारे राहिले.

आता नळदुर्ग. सणाच्या सहीशिवाय, मुलं-मुली मिळून, केवळ शाळेनं नेलं म्हणून आपण सगळे गेलो ती एकमेव जागा. नववीत, लाल डब्यानं, तुळजापूरवरून. पन्नासेक किलोमीटर आणि गाणी. किल्ला तुम्हाला आठवतच असेल : नऊ पाकळ्यांचा नवबुरूज, उपळी बुरूजाच्या धाप लावणाऱ्या पायऱ्या, वरची लांबलचक तोफ. पण खरी गोष्ट पाण्याची. बोरी नदीचा प्रवाह वळवून किल्ल्यात घेतला, मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांच्या मध्ये दगडी बंधारा घातला, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल केला. हे काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातलं, १६१३ च्या सुमाराचं; बांधणारा म्हणून मीर इमादीनचं नाव सांगतात. पाणी जास्त झालं की ते सोडायला बंधाऱ्यावर दोन वाटा ठेवल्या. तेच नर आणि मादी. पूर आला की दोन्हीकडून पाणी कोसळतं आणि मधल्या पाणीमहालाच्या खिडकीत उभं राहून आपण ते कोरड्या अंगानं बघतो.

नववीत मला ती जादू वाटली होती. इंजिनिअर झाल्यावर जास्तच वाटते. बंधारा बांधणं एक वेळ सोपं. पाणी जास्त झालं तर ते कुठून जाणार, हे आधी ठरवणं अवघड. आमच्या धंद्यातही सिस्टीम पडते ती बहुतेक वेळा गर्दी वाढल्यावर, कारण सांडवा कुणी काढलेलाच नसतो. या माणसानं सांडवा काढला आणि वर त्याचा देखावा केला! चारशे वर्षं तो उभा आहे. हल्ली वरच्या अंगाचं बोरी धरण भरून वाहू लागलं, तरच नर-मादी सुरू होतात; म्हणून दुष्काळाच्या वर्षी खिडकीतून दिसतो तो कोरडा काळा दगड. आपल्या नशिबानं त्या वर्षी पाणी होतं.

१८५३ मध्ये निजामाकडून हा भाग काही वर्षं इंग्रजांकडे आला, तेव्हा ठगांवरच्या कादंबरीमुळे गाजलेला मेडोज टेलर नळदुर्गचा अधिकारी होता. मार्गदर्शक त्याचं नाव हमखास सांगतात. मला मात्र दुसरं नाव जवळचं वाटतं. ज्या इब्राहिमच्या काळात हे पाणी अडवलं, तो लहान असताना विजापूरचा कारभार पाहिला तो त्याच्या चुलतीनं, चांदबीबीनं. पुढे मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा तटावर उभी राहून लढणारी हीच. तिला बाहेर पडायला कुणाची सही लागली असेल, देव जाणे.

आमच्यानंतर सही लागणं हळूहळू कमी झालं आणि त्याचं मोठं श्रेय मी आपल्या मैदानाला देते. खो-खोला ना फळी लागत ना बेअरिंग. दोन खांब आणि भुसभुशीत जमीन. पीटीच्या सरांनी मुलींचा संघ काढला तेव्हा पहिल्या महिन्यात आम्ही सातजणी होतो आणि नऊ पुरे करायला सर घरोघर गेले. आपल्याच जिल्ह्याची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार होती, सुवर्ण घेऊन आली आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. ती बातमी वाचली तेव्हा मी पहिला फोन सरांना केला. सर म्हणाले, ‘तुम्ही सात होता, विसरू नका.’

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी नळदुर्गची बस सकाळी ७ वाजता शाळेच्या फाटकातून निघेल. पाणीमहालाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा पायात घट्ट बसतील अशा चपला घाला. आणि कुणाच्या माळ्यावर बेअरिंगची गाडी शिल्लक असेल, तर जरूर घेऊन या. ढकलायला मुलं आहेतच.