अभिमान वाटणे (विभक्ती व शब्दयोगी अव्यये)

आपले माणूस, भाषा, गाव किंवा कर्तृत्व यांच्या थोरवीने मन भरून येते, ती भावना सांगणारा मराठीतील रूढ वाक्प्रयोग. अभिमान ज्याचा, त्या नामाला षष्ठीचा प्रत्यय (चा-ची-चे) लागतो आणि तो ज्याला वाटतो, त्याला चतुर्थीचा : ‘आईला मुलीचा अभिमान वाटतो.’

रचना : क्रियापद ‘अभिमान’ या पुल्लिंगी एकवचनी नामाप्रमाणे चालते, म्हणून ‘मुलींचा अभिमान वाटतो’ असेच म्हणतात. हेवा वाटणे, लाज वाटणे, कीव येणे, कौतुक वाटणे हे प्रयोगही याच वळणाचे आहेत. कारण वाक्यातून सांगायचे असल्यास ‘मुलगी शिकली याचा’ किंवा ‘मुलगी शिकल्याचा’ अशी जोडणी होते. ‘अभिमान बाळगणे’ या प्रयोगात मात्र व्यक्ती प्रथमेत येते : ‘तो भाषेचा अभिमान बाळगतो.’ इथे भावना आपोआप उमटलेली नसून जाणीवपूर्वक जपलेली असते.

बद्दल, विषयी : नुसत्या ‘आईचा अभिमान’ या शब्दांचे दोन अर्थ होतात : आईला वाटणारा आणि आईविषयी इतरांना वाटणारा. संस्कृत व्याकरणातही कृदन्ताबरोबर कर्ता आणि कर्म या दोहोंना षष्ठी होते (पाणिनी २.३.६५). असा संदिग्धपणा टाळायला ‘आईविषयीचा अभिमान’ किंवा ‘आईला वाटणारा अभिमान’ असे लिहावे. पूर्ण वाक्यात चतुर्थीमुळे अर्थ स्पष्ट असतो, तिथे षष्ठी पुरते.

वर : ‘मला तुझ्यावर गर्व आहे’ ही हिंदीच्या वळणाची रचना आहे. मराठीत ‘वर’ हे अव्यय विश्वास, प्रेम, भरवसा यांच्याबरोबर शोभते. शिवाय मराठीत ‘गर्व’ म्हणजे बहुधा ताठा. ‘गर्वाचे घर खाली’ ही म्हण तेच सांगते. गौरव करताना हा शब्द टाळणे बरे.

अर्थच्छटा : संस्कृतात ‘अभिमान’ला दोषाची छटा आहे. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका अहंकाराची व्याख्या याच शब्दाने करते आणि भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात तो आसुरी संपत्तीत मोडतो. मराठीत स्वाभिमान, देशाभिमान, भाषाभिमान या शब्दांत त्याला मान मिळाला. वाईट अर्थासाठी ‘दुरभिमान’ आणि ‘वृथा अभिमान’ आहेत.

उपयोग : सत्काराच्या भाषणात, मानपत्रात, मुलांच्या पाठीवर हात ठेवताना ‘तुमचा अभिमान वाटतो’, ‘तुझा अभिमान वाटतो’ एवढे शब्द पूर्ण आहेत. ‘माझी आई’, ‘आमचे गाव’ यांतले नाते सांगणारी षष्ठीच इथेही आहे. त्यामुळे या वाक्यात कौतुकाबरोबर आपलेपणाही येतो, आणि म्हणूनच ही रचना बोलण्यात व लिहिण्यात कसोशीने जपायला हवी.