जादाचे सेल

आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात. विजेरी हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला, पण कुणाच्या तोंडून ऐकल्याचं काही आठवत नाही. दुकानात जाऊन विजेरी मागितली तर दुकानदार आपल्याकडंच बघत बसेल.

बॅटरी यायच्या आधी रात्र निभत होती ती चिमणी, कंदील आणि टेंभ्यावर. कराडशेजारी ओगलेवाडी आहे, तिथल्या ओगल्यांच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील आमच्या भागात घरोघर असायचा. कंदील चांगलाच, पण तो घरातला आणि गाडीखाली बांधायचा. हातात धरून चाललं की आपल्याच पायाची सावली पुढं नाचते आणि उजेड नको तिकडं सांडतो. उसात तर त्याचं भ्याच. पाचटावर कलंडला तर फड जायचा.

सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ गावांसारखी आमच्याही गावात बॅटरी आली ती पलटणीतनं रजेवर आलेल्या माणसांबरोबर. एव्हरेडीचे सेल देशात १९०५ पासून येत होते म्हणतात, कलकत्त्याला सेलचा कारखाना १९३९ साली झाला आणि लखनौला बॅटऱ्यांचा १९५८ साली. पण खेडोपाडी वाण्याच्या दुकानात सेल मिळायला लागले, ते आमच्या लहानपणी. सेलवर नऊच्या आकड्यातनं उडी मारणारी मांजर असायची. हे सेल करणारी युनियन कार्बाइड म्हणजेच भोपाळची, हे आम्हाला १९८४ नंतर कळलं. कळलं तरी लोक तेच सेल घेत राहिले, कारण अंधार काही थांबत नव्हता. पुढं १९९४ च्या सुमाराला कंपनीचे मालक बदलले. मांजर तीच राहिली.

बॅटरी ही त्या काळी मिरवायची वस्तू होती. लग्नात जावई सायकल, घड्याळ आणि बॅटरीसाठी रुसायचा. तीन सेलची पितळी बॅटरी खांद्याला अडकवून बाजारात दिवसाढवळ्या फिरणारी माणसं मी बघितलीत. रात्री मात्र त्यातल्या निम्म्यांच्या बॅटरीत सेल नसायचे.

बॅटरीपेक्षा सेल महत्त्वाचे, हे आमच्या गावाला कळलं ते कोयनेच्या भूकंपात. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. मी दुसरीत होतो. खापऱ्या अंगावर पडायला लागल्या, भांडी गडगडली, आणि आईनं आम्हाला ओढत अंगणात आणलं. कंदील कलंडून रॉकेल सांडलं होतं. आजी ओरडत होती, "काडी वढू नगा! आरं कुणी काडी वढू नगा!" थंडीचे दिवस, उजाडायला दोन-अडीच तास. अख्खी आळी अंधारात एकमेकांची नावं घेऊन हाका मारत होती. तेवढ्यात पलटणीतनं पेन्शनीवर आलेले शेजारचे तात्या बॅटरी घेऊन बाहेर आले. त्यांनी एकेका दारावर उजेड मारून माणसं मोजली. एका घरातली म्हातारी मोजणीत कमी आली. तिला काढायला दोघंजण आत शिरले, तोवर बॅटरीचा उजेड पिवळा झाला, मग लाल झाला, मग गेला. सेल जुने होते आणि जादाचे नव्हते. म्हातारी आत कण्हत होती, आणि बाहेर दहा गडी हातपाय असून नुसते उभे. उजाडल्यावर तिला काढली. वाचली, पण पाय कायमचा गेला. कोयनानगरकडं तर पावणेदोनशेच्या वर माणसं मेली. आमच्यापर्यंत ती बातमी दुपारी आली.

पुढच्या बाजाराला आबांनी दोन सेलची बॅटरी आणली, आणि सेल चार आणले. दोन आत, दोन बाहेर. बाहेरचे कापडात गुंडाळून फडताळात. आमच्या घरचा हा कायदा तेव्हापासूनचा.

आबा आषाढी वारीला जायचे. दिंडी पहाटे अंधारातच मुक्काम हलवते, आणि तीन आठवड्यांच्या वाटेत पाऊस तर असतोच. त्यांच्या पडशीत बॅटरी, दोन सेल आणि तपकिरीच्या रिकाम्या डबीत कापसात ठेवलेला एक बल्ब असायचा. खरं तर बॅटरीच्या मागच्या झाकणात स्प्रिंगच्या आत जादा बल्ब ठेवायला जागा असायची. पण आबा म्हणायचे, "बॅटरीच पडली तर दोन्ही बल्ब गेलं की." प्रवासाला दोन सेलचीच बॅटरी बरी, असंही त्यांचं मत. तीनची उजेड लांब टाकते, पण ओझं वाढतं, आणि वाटेतल्या दुकानात अडीच व्होल्टचा बल्ब मिळायचा, तीन सेलचा मिळेलच असं नाही. दोन सेलचा बल्ब तीनच्या बॅटरीत घातला की एकदा लख्ख पेटतो आणि संपतो. पडशीत दाबून बटण पुढं सरकू नये म्हणून ते दिवसा एक सेल उलटा घालून ठेवायचे. तंबूत पाठ टेकायच्या आधी तो सरळ करायचा.

सेल फार दिवस आत ठेवायचा नाही, याचं कारण मला पुढं कळलं. साध्या सेलचं जस्ताचं डबडं हाच त्याचा मसाला आणि तेच त्याचं भांडं. वापरल तसं ते आतनं खाल्लं जातं, शेवटी भोक पडतं आणि आतलं पाणी बॅटरीची पत्री धरतं. चांगली पितळी बॅटरीसुद्धा असल्या फुटक्या सेलनं मरते. नवा सेल जुन्याबरोबर घालू नये तेही याचसाठी. नव्याच्या जोरानं जुना फुटतो. मेलेले सेल आम्ही पोरं उन्हात मांडायचो, घटकाभर जीव धरायचे. नाहीच धरला तर फोडून आतली काळी पूड शाळेच्या फळ्याला.

मग गावात वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि बॅटरीचं काम कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. शेतीची वीज पाळीनं मिळायला लागली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. शहरातल्या वाचकाला हे सांगावं लागतं, की आमच्या उसाला पाणी बऱ्याचदा मध्यरात्री मिळतं. हातात खोरं, पायाखाली चिखल, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. दारं धरायची म्हणजे एका सरीचं पाणी तोडून दुसरीत घालायचं, आणि त्याला दोन्ही हात लागतात. मग बॅटरी काखेत, नाहीतर दातात.

२००६ च्या पावसाळ्याच्या तोंडावर भारनियमन कडक होतं. आमच्या मळ्याशेजारचा एक गडी रात्रपाळीला पाणी पाजत होता. त्याच्या बॅटरीचे सेल उतरत आले होते. दुसरे पुरवून पुरवून वापरू म्हणून तो बांधावरनं बॅटरी बंद ठेवूनच यायचा-जायचा. पायाला काहीतरी टोचलं, त्याला वाटलं काटा. पाणी पूर्ण पाजून पहाटे घरी आला आणि पोटात कळ आली म्हणून निजला. बायकोनं बघितलं तर डोळ्यांच्या पापण्या उघडेनात. मण्यार होती. मण्यारीचं हेच वाईट, दुखत नाही, सूज नाही. गाडी मिळून तालुक्याला पोचेपर्यंत श्वास गेला. त्याची कोपरी उतरवली तेव्हा खिशात दोन नवे सेल निघाले, कागदातले.

आपल्याकडं नवी चादर पाहुण्यांसाठी आणि नवा सेल पुढच्या रात्रीसाठी ठेवायची रीत आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात सेल उतरायला लागला की बदलायचा, मग तो अर्धा का असेना. अर्धे सेल घरातल्या घड्याळाला, रेडिओला जातात.

त्यानंतर चार्जिंगच्या बॅटऱ्या आल्या. मागनं दोन काड्या बाहेर काढायच्या आणि भिंतीत खुपसायची. उजेड एवढा, की ओढ्यापलीकडचं चिंचेचं झाड दिसायचं. सेलचा खर्च वाचला म्हणून गावानं जुन्या पितळी बॅटऱ्या मोडीत घातल्या. पण त्यात शिसं-तेजाबाची बारकी बॅटरी असायची. ती रिकामी पडून राहिली की मेलीच, वापरा नाहीतर नको, महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करावी लागते. आणि आतलं काही बदलता येत नाही. वर्षा-दीड वर्षात नवी.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं त्याचा हिशेब केला. सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि आम्ही गाव सोडून माळावरच्या शाळेत. वीज आधीच तोडलेली. पहिल्या रात्री शाळेत उजेडच उजेड. दुसऱ्या रात्री निम्म्या बॅटऱ्या गेल्या आणि तिसऱ्या रात्री मोबाईलसुद्धा. पोरं मोबाईलचाच उजेड करून बसली होती, त्यामुळं बोटवाल्यांना फोन करायलाही चार्जिंग उरलं नाही. शाळेत दोनशेच्या वर माणूस, त्यात एक बाळंतीण. तिच्या खोलीत पाच रात्री जळली ती आमच्या घरची साध्या सेलची बॅटरी, आत बल्बऐवजी बारकी एलईडी बसवलेली. जुना बल्ब ज्या सेलांवर दोन रात्री निघायचा, त्यांच्यावर ही एलईडी आठवडा काढते. हा बदल मात्र मला मनापासून पटलाय.

आता मी बॅटरी घ्यायला गेलो की आधी मागचं झाकण फिरवून बघतो. सेल सुटा निघतो का? निघत नसला तर बॅटरी कितीही झगझगू दे, ठेवून देतो. मग विचारतो, हा सेल दुसऱ्या दुकानात मिळतो का? दुकानदार हसतो. म्हणतो, "काका, बॅटरी घ्यायला आलाय का सोयरीक बघायला?" माझ्याकडं दोन बॅटऱ्या आहेत. एक डोक्याला बांधायची, चार्जिंगची, पण लिथियमचा सेल सुटा निघणारी. ती पाण्याच्या पाळीला, कारण दोन्ही हात मोकळे राहतात आणि जिकडं बघावं तिकडं उजेड. तिचा जादा सेल प्लॅस्टिकच्या डबीत असतो. तो खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटा टाकायचा नाही, दोन्ही टोकं जोडली की तापून पेट घेतो. दुसरी साध्या पेन्सिल सेलची, दाराआडच्या खुंटीला. तिला हात लावायचा तो भूकंप, पूर नाहीतर गाव सोडायच्या वेळी. दर दिवाळीला तिचे सेल बदलतो. प्रवासाला जाताना तीच घेतो, कारण पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळतो.

दिवसा वीज द्यायची म्हणून सरकारनं २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आणली. काही गावांत ती आली, तिथले लोक आता रात्री झोपतात. आमच्या डीपीवर अजून पाळ्याच आहेत. या आठवड्याची रात्री दहाची आहे. डोक्याची बॅटरी दुपारीच चार्जिंगला लावलीय, आणि थोरल्याला सांगितलंय, डबी कोपरीच्या डाव्या खिशात आहे.