अब्ज वर्षे ते फेमटोसेकंद : कालमापनाच्या एककांचे रूपांतर

खगोलशास्त्रात काळ कोट्यवधी वर्षांत मोजला जातो, तर अणू-रेणूंमधील अतिजलद हालचालींच्या अभ्यासात तो फेमटोसेकंद व ॲटोसेकंद या एककांत मोजावा लागतो. या दोन टोकांना जोडणारे एकक सेकंद हेच आहे. १९६७ साली सेकंदाची व्याख्या सिझियम-१३३ अणूच्या विशिष्ट प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांचा कालावधी अशी करण्यात आली.

एका सेकंदात दहाच्या पंधराव्या घाताइतके, म्हणजे १० कोटी कोटी फेमटोसेकंद असतात. तितकेच सेकंद मोजू गेल्यास ३.१७ कोटी वर्षे लागतील. ॲटोसेकंद त्याहूनही हजारपटीने लहान. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते; एका सेकंदात जितके ॲटोसेकंद असतात, त्यांच्या निम्म्याहून कमी सेकंद विश्वाच्या आरंभापासून आजवर उलटले आहेत. फेमटोसेकंदाच्या मापाने रासायनिक प्रक्रियांचा वेध घेतल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे, तर ॲटोसेकंद प्रकाशस्पंदांच्या प्रयोगांबद्दल पिअर अगोस्तिनी, फेरेन्क क्राऊझ व ॲन लुइलिए यांना २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

रूपांतराचे गणित केवळ गुणाकाराचे आहे. अडचण येते ती 'वर्ष' या शब्दापाशी. खगोलशास्त्रज्ञ सामान्यतः ३६५.२५ दिवसांचे ज्युलियन वर्ष वापरतात व त्यात बरोबर ३,१५,५७,६०० सेकंद असतात. ऋतुचक्राशी निगडित सायन वर्ष मात्र सुमारे ६७५ सेकंदांनी, म्हणजे सव्वाअकरा मिनिटांनी लहान आहे. पंचांगाच्या दृष्टीने हा फरक शतकांनंतर जाणवतो; काही निरीक्षणांत तो पहिल्याच वर्षी घातक ठरेल.

पुणे जिल्ह्यात नारायणगावनजीक खोडद येथे असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण अर्थात जीएमआरटी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेल्या या दुर्बिणीतून स्पंदक ताऱ्यांचे, म्हणजे पल्सारचे, निरीक्षण केले जाते. जे१९०९-३७४४ हा पल्सार २.९४७ मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. २५ ज्युलियन वर्षांत त्याच्या सुमारे २६,८०० कोटी फेऱ्या होतात आणि त्यातील एकही फेरी मोजणीतून सुटता कामा नये. हिशेबात चुकून सायन वर्ष धरल्यास सुमारे ५७ लाख फेऱ्यांचा फरक पडेल. प्रत्यक्षात शोध आहे तो स्पंद पोहोचण्याच्या वेळेत होणाऱ्या, एका मायक्रोसेकंदाहूनही लहान अशा बदलांचा.

महाप्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या परस्परांभोवती फिरताना निर्माण होणाऱ्या गुरुत्वीय लहरींमुळे असे बदल संभवतात. या लहरींची वारंवारता नॅनोहर्ट्झमध्ये मोजतात. एका नॅनोहर्ट्झची लहर एकदा पूर्ण होण्यास ३१.७ वर्षे लागतात. म्हणजेच वर्षे आणि नॅनोसेकंद या प्रयोगात एकाच समीकरणात येतात. जून २०२३ मध्ये युरोपीय गटासमवेत भारतीय पल्सार टायमिंग ॲरे या गटाने अशा लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा जाहीर केला. युरोपीय नोंदी सुमारे २५ वर्षांच्या होत्या, तर जीएमआरटीच्या नोंदी साडेतीन वर्षांच्या. आंतरतारकीय वायूमुळे कमी वारंवारतेच्या रेडिओलहरींना होणारा विलंब अचूक मोजण्यासाठी खोडदची निरीक्षणे विशेष उपयोगी पडतात. जाहीर झालेला पुरावा सबळ असला, तरी शोध सिद्ध झाल्याचा दावा त्या वेळी करण्यात आला नव्हता.

आकडा अचूक असला तरी त्याचे नाव वाचकाची दिशाभूल करू शकते. भिलाईच्या पोलाद वसाहतीतील सिविक सेंटरमध्ये हिंदी वृत्तपत्र घेणाऱ्या मराठी वाचकास वरील २६,८०० कोटी फेऱ्या '२.६८ खरब' अशा वाचावयास मिळतील. हिंदीतील अरब आणि मराठीतील अब्ज हे दोन्ही १०० कोटींचे. परंतु हिंदीत खरब म्हणजे १०० अरब, तर मराठीत खर्व म्हणजे केवळ १० अब्ज. त्यामुळे तीच संख्या मराठीत २६.८ खर्व होते. शब्दसाम्यावर विसंबून भाषांतर केल्यास दहापटीची चूक ठरलेलीच. जुन्या ब्रिटिश ग्रंथांतील बिलियन हा एक लाख कोटींचा असे, तेव्हा तेथे तर हजारपटीचा धोका संभवतो. अशा ठिकाणी कोटीत आकडा देणे अधिक सुरक्षित होय.

खर्वाचे हे मूल्य भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील संख्यानामांशी जुळते. त्यांच्या ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त कालमापनाची दोन्ही टोकेही आढळतात. एका बाजूस ४३२ कोटी वर्षांचा कल्प, तर दुसऱ्या बाजूस त्रुटी. निमिषाचा तिसावा भाग म्हणजे तत्पर आणि तत्पराचा शंभरावा भाग म्हणजे त्रुटी. एका दिवसात ९,७२,००० निमिषे होतात, त्यानुसार एका सेकंदात ३३,७५० त्रुटी बसतात. म्हणजे त्रुटी सुमारे २९.६ मायक्रोसेकंदांची. त्या काळी इतका सूक्ष्म काळ मोजणारे साधन नव्हते. ही एकके गणिती भागाकारातूनच आली. तत्पर भरतो २.९६ मिलिसेकंदांचा. जे१९०९-३७४४ ची एक फेरी जवळजवळ तितकीच आहे, हा अर्थात निव्वळ योगायोग.