कावसजी हॉल : ऐकण्याच्या जागेपासून पाहण्याच्या जागेपर्यंत

जुन्या वास्तूंच्या सांस्कृतिक पुनर्वापराची चर्चा निघाली की 'पडीक' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. इमारत पडीक होती, कलावंत आले, तिला नवं जीवन मिळालं, अशी ती गोष्ट असते. गोष्ट खोटी नसते, पण ती कोणाच्या बाजूने सांगितलेली आहे हे विचारायला हवं. आज एकच इमारत घेऊन आपण हे तपासू या.

मुंबईत रीगल सिनेमाच्या चौकात, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या समोर, घुमटाची एक दगडी इमारत आहे. पाटी आहे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची. जुना मुंबईकर मात्र अजून कावसजी जहांगीर हॉल म्हणतो. सर कावसजी जहांगीर यांनी १९११ साली या सार्वजनिक सभागृहासाठी देणगी दिली. वास्तुविशारद होते जॉर्ज विटेट. समोरचं वस्तुसंग्रहालय आणि गेटवे ऑफ इंडिया हीही त्यांचीच कामं. शेजारची विज्ञान संस्था आणि हे सभागृह एकाच संकुलाचे भाग आहेत.

आता 'सार्वजनिक सभागृह' या शब्दांवर थोडं थांबू. शहराने एकत्र जमून बोलावं आणि ऐकावं यासाठी ही वास्तू उभी राहिली. इथे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफली झाल्या, राजकीय सभा झाल्या. ३० सप्टेंबर १९३२ ची सभा तर इतिहासाच्या पुस्तकात गेली आहे. पुणे करार होऊन जेमतेम आठवडा झाला होता. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली याच हॉलमध्ये सभा भरली आणि अस्पृश्यतेच्या निवारणासाठी अखिल भारतीय संघटना काढायचं ठरलं. तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. बाबासाहेब आंबेडकरांनी नंतर या संघटनेची जी कठोर चिकित्सा केली तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आपल्यापुरता मुद्दा असा, की या छताखाली जे बोललं गेलं त्यावर पुढे देशभर वाद झाला. सभागृहाचं ते कामच असतं.

स्वातंत्र्यानंतर शहरात नवी, वातानुकूलित सभागृहं आली. कावसजी हॉल मागे पडला. पुढचं वर्णन सगळीकडे साधारण सारखंच सापडतं: हॉल भाड्याने जाऊ लागला, तिथे मुष्टियुद्धाचे सामने होऊ लागले, कामगार संघटनांच्या सभा, चामड्याच्या वस्तूंचे सेल, लग्नाचे स्वागतसमारंभ होऊ लागले. आणि हे सगळं ऱ्हासाचा पुरावा म्हणून सांगितलं जातं!

आम्हाला इथे नेहमी अडखळायला होतं. कामगारांची सभा हा सार्वजनिक सभागृहाचा ऱ्हास कसा? ज्याच्या घरात दहा माणसं बसायला जागा नाही त्याने मुलीच्या लग्नाचा स्वागतसमारंभ घुमटाखाली केला, तर वास्तूचा अपमान झाला की तिचं प्रयोजन पार पडलं? वास्तूची देखभाल होत नव्हती, ती खचत होती, हे मान्य. पण ती ओस नव्हती. एका वर्गाने तिच्याकडे पाठ फिरवली होती, दुसरा वर्ग आत येत होता. 'पडीक' हे विशेषण पाठ फिरवणाऱ्यांनी लावलेलं आहे.

याचा अर्थ कलावंतांची मागणी चुकीची होती असा नाही. आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय दिल्लीत १९५४ सालीच सुरू झालं. उद्घाटन तत्त्वज्ञ-उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांनी केलं. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, पण तिथे प्रदर्शन आठवड्याभराने उतरवायचं असतं. ज्या शहरात आधुनिक चित्रकला घडली त्याच शहरात तिचा कायम संग्रह पाहायला जागा नव्हती. शिल्पकार पिलू पोचखानावाला यांच्या पुढाकाराने कलावंतांनी निदर्शनं केली, केकू गांधी यांच्यासारखे कलासंग्राहक पाठीशी राहिले, आणि हॉल संग्रहालयासाठी मिळाला. नूतनीकरणाला १२ वर्षं लागली, साडेतीन कोटी रुपये लागले. संग्रहालय १९९६ मध्ये उघडलं. पिलूबाई १९८६ मध्येच गेल्या होत्या.

काम दिल्लीचे वास्तुविशारद रोमी खोसला यांचं. मुंबईची वारसा नियमावली १९९५ सालची, म्हणजे काम हाती घेतलं तेव्हा असा नियम नव्हता. तरी बाहेरचं कवच जपलं गेलं. आतल्या प्रशस्त पोकळीत मात्र अर्धवर्तुळाकार दालनं एकावर एक रचली. जिने चढत चढत आपण घुमटाखाली पोचतो. चित्रं पाहायला ही रचना सुरेख आहे, चढता चढता मागे वळून खालची चित्रं पुन्हा वेगळ्या कोनातून दिसतात. पण मोठी सभा बसेल अशी जागा त्यात उरली नाही. एक छोटं व्याख्यानगृह आहे, तेवढंच.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही 'मिलिंदपन्हा'तला रथ शिकवायचो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठे आहे? मुलं लगेच म्हणायची, सर, तो धावतो ना, म्हणून रथ. नागसेनाचं उत्तर हे नव्हे, पण इमारतींपुरतं मुलांचंच उत्तर आम्हाला जवळचं वाटतं. दगड तेच आहेत, घुमट तोच आहे, पण सभेची वास्तू पाहण्याची वास्तू झाली. सभेत माणसं एकमेकांकडे तोंड करतात, प्रदर्शनात भिंतीकडे.

दिल्ली-बंगळुरूशी तुलना केली तर हे जास्त स्पष्ट होतं. दिल्लीचं संग्रहालय जयपूर हाउसमध्ये आहे, म्हणजे महाराजांच्या निवासात. बंगळुरूचं २००९ साली माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये उघडलं. दोन्हीकडे खाजगी वाड्याचं दार लोकांना खुलं झालं. तिथे लोकांनी काही गमावलं नाही. मुंबईत मात्र जे आधीच लोकांचं होतं, ते एका चांगल्या कारणासाठी लोकांपैकी थोड्यांचं झालं. तिन्ही उदाहरणं 'पुनर्वापर' या एकाच रकान्यात भरणं म्हणजे हिशेबातली चलाखी आहे.

फेब्रुवारी २०१९ मधली एक घटना तुम्हाला आठवत असेल. प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत होते. ते मूळचे चित्रकारच, जे. जे.चे विद्यार्थी. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बंद झाल्याबद्दल आणि निर्णय आता दिल्लीत होण्याबद्दल त्यांनी प्रश्न उपस्थित केले. त्यांना मध्येच थांबवून बरव्यांपुरतंच बोलायला सांगण्यात आलं. त्यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ चर्चा झाली, बहुतेक आविष्कारस्वातंत्र्याच्या अंगाने. आम्हाला वास्तूच्या अंगाने बोलायचं आहे. समित्यांमुळे शहरातल्या कलावंतांचा या वास्तूवर थोडा तरी हक्क उरला होता. १९८० च्या दशकात निदर्शनं करून त्यांनी मिळवलेली जागा ती हीच. आणि पालेकर जिथे उभे होते तिथेच कधीकाळी शहर आपले वाद घालायला जमत असे.