'नटसम्राट' नाटकातील परिवर्तन आणि ऱ्हास

'नटसम्राट' हे वि. वा. शिरवाडकर (१९१२–१९९९) यांचे शोकात्म नाटक शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'पासून स्फुरलेले आहे. द गोवा हिंदु असोसिएशनने ते २३ डिसेंबर १९७० रोजी प्रथम रंगभूमीवर आणले. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर होते. अप्पासाहेब बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी, तर त्यांच्या पत्नीची, कावेरीची, भूमिका शांता जोग यांनी केली. शिरवाडकरांना या नाटकासाठी १९७४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

राज्याकडून घराकडे

लिअर राज्य वाटून टाकतो. निवृत्त नट अप्पासाहेब आयुष्याची कमाई मुलगा नंदा आणि मुलगी नलिनी यांना देऊन टाकतात. अधिकार सोडला तरी मान पूर्ववत राहील, हा दोघांचाही भ्रम. लिअरच्या मुली त्याच्या शंभर स्वारांचा लवाजमा पन्नासावर, पंचविसावर आणत अखेर एकाचीही गरज काय, असे विचारतात. अप्पासाहेबांपाशी लवाजमा नाही. त्यांची मानहानी घरगुती कुरबुरींतून होत जाते आणि मुलीच्या घरी चोरीच्या संशयापर्यंत पोहोचते. मुलांना केवळ कृतघ्न ठरवणारे वाचन मात्र अपुरे वाटते. रंगमंचावर ज्या भारदस्त वाणीला टाळ्या मिळाल्या, तीच वाणी टापटिपीच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात गोंगाट ठरते. माणूस तोच राहतो, भोवतालचा काळ बदलतो.

ऱ्हास आणि भाषा

लिअरचे मन ढासळते ते उघड्या माळावरच्या वादळात. अप्पासाहेबांच्या बाबतीत वादळाची जागा निवाऱ्याच्या शोधाने घेतली आहे. येथे कॉर्डेलिया नाही. सत्य स्पष्टपणे जाणणारी व्यक्ती कावेरीच आहे. तिच्या मृत्यूनंतर अप्पासाहेबांना आधार मिळतो तो बूटपॉलिश करणाऱ्या राजाचा, म्हणजे रक्ताचे नाते नसलेल्या मुलाचा.

संपत्ती, घर आणि पत्नी गेल्यावर त्यांच्यापाशी उरतात त्या केवळ भूमिका. ज्युलिअस सीझर, हॅम्लेट, ऑथेल्लो यांच्या पंगतीत 'एकच प्याला'तील सुधाकरही येतो. ऱ्हासाची मराठी परंपराच जणू शेक्सपिअरशेजारी येऊन बसते. अखेरीस गणपतराव बेलवलकर हा माणूस कोठे संपतो आणि त्याने वठवलेली पात्रे कोठे सुरू होतात, हे सांगता येत नाही.

लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त आदींनी ही भूमिका केली. महेश मांजरेकर दिग्दर्शित चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्यात नाना पाटेकर प्रमुख भूमिकेत होते.