वहिवाट, तिकीट आणि चाळीस हजार दगडी खांब

गेल्या रविवारी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो बेलफास्टला असतो, आयटीत. मित्रांबरोबर पोर्टरशला गेला होता. उत्तर आयर्लंडच्या अगदी उत्तर टोकाचं, समुद्रात घुसलेलं छोटं गाव. मागे वारा इतका, की त्याचं बोलणं अर्धंच कळत होतं. म्हणाला, "मामा, जायंट्स कॉजवेला आलोय. इथे मोठं केंद्र आहे, आत जायला तिकीट आहे. पण बरोबरचा आयरिश पोरगा म्हणतो, दगड बघायला तिकीट लागतच नाही, बाजूच्या वाटेने चल. काय करू?"

मी म्हटलं, वाटेने जा.

पोरं वाटेने उतरून गेली आणि तासभर त्या खांबांवर उड्या मारून आली. कुणी हटकलं नाही, कारण हटकायचा प्रश्नच नव्हता. ती सार्वजनिक वाट आहे. तिकीट आहे ते प्रदर्शन, पार्किंग, ऐकायचं यंत्र यांचं. ही गोष्ट बहुतेक पर्यटकांना तिथे पोचेपर्यंत माहीत नसते आणि त्यावरून तिकडे आजही कुरबुर चालू असते. पण आज लिहायला बसलोय ते ही वाट सव्वाशे वर्षांपूर्वी कशी बंद झाली होती ते सांगायला. माझा त्यात स्वार्थ आहे, तो शेवटी सांगतो.

आधी जागा समजून घ्या. सहा कोटी वर्षांपूर्वी तिथे लाव्हा पसरला, थिजताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. चिखल वाळला की कशा पडतात, तशाच, पण खोलवर. त्यातून साधारण चाळीस हजार खांब तयार झाले, बहुतेक षटकोनी, पायऱ्या-पायऱ्यांनी थेट समुद्रात उतरलेले. आपला दख्खनचा काळा पत्थर याच जातीचा, वयाने थोडा मोठा. असे खांब बघायला आयर्लंडलाच जायला हवं असंही नाही, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत. तिथे झोपड्या आणि इमारतींच्या गराड्यात मान वर करून बघावं लागतं, एवढाच फरक.

आपल्याकडे कुठलीही लेणी दिसली की पांडवांनी एका रात्रीत खोदली म्हणतात. तिकडे तो मान फिन मॅककूल नावाच्या राक्षसाचा. स्कॉटलंडच्या राक्षसाशी लढायला त्याने समुद्रातून हा रस्ता बांधला म्हणे. गंमत अशी, की पलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरही असेच खांब आहेत. म्हणजे रस्त्याची दोन्ही टोकं गावकऱ्यांना माहीत होती, मधलं कल्पनेने भरलं.

बाहेरच्या जगाला ही जागा कळली ती एका बाईमुळे. सुझाना ड्रुरी ही डब्लिनची चित्रकार. तिने १७३९ च्या सुमारास इथे राहून खांब न् खांब रंगवला. १७४० मध्ये डब्लिन सोसायटीने तिला बक्षीस दिलं, पुढे त्या चित्रांचे छापे निघाले आणि युरोपभर गेले. फ्रान्समध्ये निकोला देमारे या अभ्यासकाने ते छापे पाहिले. त्याने फ्रान्समधल्या जुन्या ज्वालामुखींच्या भागात असेच खांब पाहिले होते. त्याने दोन आणि दोन चार केले आणि दिदरोच्या विश्वकोशात १७६८ च्या सुमारास लिहून टाकलं की हे आगीचं काम असावं. तेव्हाचे बरेच विद्वान असे खडक पाण्यात साचून झाले असं मानत होते. पुढे कित्येक वर्षं त्यावर भांडणं झाली. ड्रुरीबाईंबद्दल मात्र फारसं कुणी काही लिहून ठेवलं नाही.

चित्रं पाहून लोक यायला लागले. लोक आले म्हणजे वाटाडे आले, होडीवाले आले, दगडाचे तुकडे लाकडी पेटीत घालून विकणारे आले. तिथल्या झऱ्याचं पाणी पाजणाऱ्या म्हाताऱ्या बायका आल्या, त्या पाण्यात थोडी व्हिस्कीही घालून देत. १८४२ मध्ये विल्यम थॅकरे आला, तो इंग्रजी कादंबरीकार. जन्म कलकत्त्याचा बरं का. त्याला वाटाड्यांनी घेरलं, बघता बघता होडीत बसवलं आणि खवळलेल्या समुद्रावर फिरवलं. पुढच्या वर्षी छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने त्याची यथेच्छ रड मांडली. वाचताना हसू येतं, पण मला त्या होडीवाल्यांचीही बाजू दिसते. खडकाळ किनारा, शेती जेमतेम, मासेमारी हंगामी. दोन महिने पाहुणे येतात, तेवढ्यात वर्षाचं मीठमिरची काढायचं. आपल्या बंदरांवर होडीवाले पर्यटकांच्या मागे लागतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा त्यांच्या जूनच्या घरात डोकावून बघावं.

१८५५ मध्ये पोर्टरशपर्यंत रेल्वे आली आणि गावाचं रूपच पालटलं. पण रेल्वे पोर्टरशला थांबायची, कॉजवे तिथून लांब. मग विल्यम ट्रेल नावाच्या स्थानिक इंजिनिअरने डोकं लढवलं. बुश नदीवर धबधब्याजवळ पाण्याची चक्की बसवून त्याने वीज केली आणि १८८३ मध्ये त्या विजेवर ट्राम सुरू केली, आधी बुशमिल्सपर्यंत आणि १८८७ मध्ये थेट कॉजवेपर्यंत. जलविद्युतवर चालणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या ट्रामपैकी ही एक. मुंबईत विजेची ट्राम आली १९०७ मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी. सुरुवातीला वीज रुळाशेजारच्या उघड्या पट्टीतून जायची. १८९५ मध्ये एक सायकलस्वार त्याला चिकटून गेला, तेव्हा कुठे तारा वर खांबांवर घ्यायचं ठरलं आणि १८९९ मध्ये ते झालं. माणूस गेल्याशिवाय सुरक्षेची फाईल हलत नाही, हे त्यांच्याकडेही तसंच. ट्राम १९४९ पर्यंत चालली. आता तिच्या जुन्या मार्गाच्या एका तुकड्यावर हौसेची छोटी रेल्वे चालते.

आता मुद्द्यावर येतो.

ट्राममुळे गर्दी वाढली, गर्दीत पैसा दिसला. १८९० च्या दशकात काही व्यापाऱ्यांनी कंपनी काढली, जमीनमालकाकडून कॉजवे भाड्याने घेतला आणि ठरवलं की कुंपण घालायचं, फाटक बसवायचं, आत सोडायला पैसे घ्यायचे. गावकरी, वाटाडे, होडीवाले चिडले. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही इथून ये-जा करतोय, जगभरचे लोक येतायत, आणि आता फाटक? त्यांनी बचाव समिती केली, वर्गणी काढली, प्रकरण डब्लिनच्या कोर्टात गेलं. गाजलं. वर्तमानपत्रांनी रकाने भरले.

प्रश्न मोठा बाका होता. लोक एखाद्या जागेवर वर्षानुवर्षं फिरत असतील, तर ती त्यांची वहिवाट की मालकाची मेहेरबानी? एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता असेल तर समजू शकतं. पण ही वाट कुठेच जात नव्हती. ती समुद्रापाशी संपत होती. माणूस जायचा, बघायचा, इकडेतिकडे हुंदडायचा आणि परत यायचा. नुसतं हुंदडण्याचा हक्क असतो का?

१८९८ च्या सुमारास निकाल लागला आणि कंपनी जिंकली. कुंपण आलं, फाटक आलं, काही पेन्सांचं तिकीट आलं. जी लाट फुकट होती ती बघायला रांग लागली. हे थोडेथोडके दिवस नाही, साठ वर्षांहून जास्त चाललं. १९६१ मध्ये ही जागा नॅशनल ट्रस्ट या सार्वजनिक विश्वस्त संस्थेकडे आली, मग ते कुंपण आणि दगडांवरचं तिकीट गेलं. वर्गणी काढणाऱ्या पिढीतले किती जण ते बघायला उरले असतील, तुम्हीच हिशोब करा.

१९८६ मध्ये कॉजवे जागतिक वारसा यादीत गेला. २००० मध्ये तिथलं पर्यटक केंद्र जळालं आणि नवीन कोणी बांधायचं, ट्रस्टने की खासगी विकासकाने, यावर बरीच वर्षं राजकारण झालं. २००७ मध्ये तिथल्या मंत्र्यांचा कल विकासकाच्या प्रस्तावाकडे दिसला आणि गदारोळ उठला, शेवटी तो बारगळला. ट्रस्टचं नवं केंद्र २०१२ मध्ये उघडलं. दिसायला छान आहे म्हणतात, छपरावर गवत, भिंती त्याच काळ्या दगडाच्या.

सगळं फुकट असावं असं माझं म्हणणं नाही. त्याच किनाऱ्यावर कॅरिक-अ-रीडचा दोरीचा पूल आहे, जमिनीपासून एका बेटावर जाणारा, वीस मीटर लांब आणि खाली तीस मीटरवर समुद्र. आज तिकीट काढून, वेळ ठरवून पर्यटक त्यावरून जातात, फोटो काढतात. काही जण पलीकडे जातात आणि परत यायची हिंमत होत नाही, त्यांना होडीने आणावं लागतं. पण हा पूल मुळात खेळ नव्हता. सामन मासे त्या बेटाला वळसा घालून जायचे, म्हणून कोळ्यांनी अडीचशे वर्षांपूर्वीपासून तिथे हंगामापुरता दोर बांधायला सुरुवात केली. एकेकाळी धरायला एकाच बाजूला दोर असायचा आणि माणसं खांद्यावर मासळी घेऊन त्यावरून यायची. १९६० च्या दशकापर्यंत दिवसाला तीनशेच्या आसपास मासे मिळत. २००२ मध्ये पूर्ण हंगामात तीनशे मिळाले, आणि तो शेवटचा हंगाम ठरला. आता पुलाची देखभाल तिकिटातून होते. मासा गेला, दोर उरला.

आणि गर्दीचं नुकसानही खरंच असतं. २०२५ मध्ये ट्रस्टने पर्यटकांना हात जोडून सांगितलं की खांबांच्या फटींत नाणी खोचू नका. नशीब उघडेल म्हणून लोक खोचतात. नाणं गंजतं, फुगतं आणि सहा कोटी वर्षांचा दगड फोडतं. ती नाणी काढून दुरुस्ती करायला तीस हजार पौंडांहून जास्त खर्च येईल असा अंदाज होता. पुलावरून गाडी जाताना नदीत नाणी फेकणाऱ्या आणि गडाच्या दरवाजावर बदाम कोरणाऱ्या आपल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल.

एक गोष्ट राहिली, ती मला फार आवडते. ऑक्टोबर १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं 'जिरोना' जहाज वादळात याच किनाऱ्यावर फुटलं. हजाराहून जास्त माणसं बुडाली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली. जहाज नेमकं कुठे बुडालं यावर पुस्तकांत वेगवेगळी मतं होती. १९६७ मध्ये रोबेर स्तेन्युई या बेल्जियन पाणबुड्याने गावकऱ्यांच्या तोंडातली नावं धरली. कॉजवेजवळच्या एका खाडीला ते पिढ्यान्‌पिढ्या 'पोर्ट ना स्पॅनिया' म्हणजे स्पॅनिश लोकांचं बंदर म्हणत. तो तिथेच उतरला आणि जहाज तिथेच होतं. सोन्याचे दागिने, नाणी, तोफा निघाल्या. आज ते बेलफास्टच्या अल्स्टर संग्रहालयात आहेत. पुस्तकं चुकली, गावाचं नाव चुकलं नाही.

आता माझा स्वार्थ. आमच्या गावातून किनाऱ्याकडे उतरणारी एक पाखाडी आहे. नावच तिचं 'कोळवाट'. जाळी, टोपल्या, गणपती, सगळं तिथूनच खाली जायचं. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिच्या तोंडावर लोखंडी फाटक आलं. शेजारची जमीन एका बाहेरच्या पार्टीने घेतली आहे, तिथे राहायची-खायची सोय होणार म्हणे. सुरुवातीला फाटक उघडं असायचं. मग रात्री बंद. मग "विचारून जा".

आपल्याकडे रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे मला कळलं तेव्हा सातवा महिना चालू होता. पत्रकारितेत वीस वर्षं घालवून हे माहीत नव्हतं, हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. कारण तुमच्या गावात परवाच फाटक लागलं असेल, तर तुमच्याकडे अजून वेळ आहे. दिवाणी कोर्टाचा रस्ता आम्हाला उरतो, तो लांबचा आहे. वकील पहिला प्रश्न तोच विचारतात, जो डब्लिनला विचारला होता: ही वाट कुठे जाते? मी म्हटलं, समुद्राला. ते म्हणाले, समुद्राला म्हणजे कुठे?

भूमी अभिलेखकडे जुन्या गावनकाशाची नक्कल मागितली आहे. गावातल्या तीन वयस्कर माणसांचे जबाब लिहून घेतले आहेत. त्यातल्या एक आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी कोळवाटेवरच्या प्रत्येक वळणाचं नाव सांगितलं, अकरा नावं. ती मी वहीत उतरवून त्यांचा अंगठा घेतला आहे. नकाशा हातात आला की त्याचा फोटो इथे टाकतो.