फोटोतला पूर

१२ जुलै १९६१ला पानशेतचं बांधकाम चालू असलेलं मातीचं धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. वडिलांचे मामेभाऊ अण्णा तेव्हा तिथं नोकरीला होते. हौशी माणूस, पाणी ओसरल्यावर बॉक्स कॅमेरा घेऊन फिरले. खचलेले वाडे, गाळानं भरलेली दुकानं, रस्त्यावर वाळत घातलेले संसार.

गंगाखेडला आले तेव्हा त्यांनी ते फोटो आजीला दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “आपली गंगाबी कैकदा घरात आली बाबा. तव्हा कोणापाशी व्हता कॅमेरा?”

पुण्याचा पूर आजही बघता येतो. गोदाकाठचे पूर आजीला तोंडपाठ होते. कोणत्या साली पाणी कोणाच्या उंबऱ्याला लागलं, तेसुद्धा. ती गेली आणि तो हिशेबही गेला.